साठी, बुद्धी आणि ताकद

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो, पण तिच्यामागची समजूत मात्र मनापासून खरी मानतो. वय झाले की बुद्धी ओसरणारच, आणि त्यावर काही उपाय असलाच तर तो डोक्याशी संबंधित असणार, असे आपण धरून चालतो. म्हणून निवृत्तीनंतर माणसे शब्दकोडी सोडवतात, सुडोकू मांडून बसतात, स्तोत्रे पाठ करतात, मोबाइलवर स्मरणशक्तीचे खेळ खेळतात. शरीरासाठी सकाळचे फिरणे, हास्यक्लब आणि जोडीला थोडा प्राणायाम एवढे पुरेसे मानले जाते. यातले काहीच वाईट नाही. पण या यादीत एक गोष्ट सहसा सापडत नाही, ती म्हणजे वजन उचलणे. मांड्या, पाठ, खांदे आणि हात यांच्यावर रोजच्यापेक्षा जास्त भार टाकायचा आणि तो भार हळूहळू वाढवत न्यायचा, ही पंचविशीतल्या पोरांची हौस समजली जाते. सत्तरीच्या आजींनी हातात डंबेल घ्यावेत असे कोणी सुचवले तर घरात हशा पिकतो. पुढील पानांत ज्या व्यायामाची माहिती येणार आहे, त्याच्याकडे वाचकाने गांभीर्याने पाहावे यासाठी ही प्रस्तावना आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे: उतारवयातही ताकद वाढवता येते; ती वाढवली तर विचारशक्तीच्या काही महत्त्वाच्या कामांना फायदा होतो; आणि हा फायदा व्यायामाला हजेरी लावण्यापेक्षा ताकद प्रत्यक्षात किती वाढली यावर अवलंबून असतो.

या प्रश्नाचा आवाका आधी पाहू. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील लोकांची मोठी पाहणी केली. त्याच पाहणीला जोडून साठीच्या पुढच्या सुमारे चार हजार लोकांच्या स्मृतीची आणि आकलनाची तपशीलवार तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात जवळपास दहा टक्के. तेव्हापासून हा वाटा वाढतच गेला आहे. स्मृतिभ्रंश मुळापासून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. अशा वेळी आजार लांबणीवर टाकण्याचे किंवा त्याचा जोर कमी करण्याचे जे जे मार्ग आहेत, त्यांचे मोल वाढते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके मोजले आणि ते सारे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज मांडला. व्यायामाचा अभाव, मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, नैराश्य, एकटेपणा हे त्या यादीतले काही धोके. ताकदीच्या व्यायामाचा हात यांतल्या एकाहून अधिक धोक्यांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात ठेवून पुढचा विचार करायचा आहे.

पहिली शंका अगदी साधी आहे: म्हाताऱ्या स्नायूंत ताकद वाढते तरी का? चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि त्यांच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. एके काळी ही घट अटळ मानली जाई. १९९० मध्ये बॉस्टन येथील एका वृद्ध सेवागृहात डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग केला. ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड वजनाचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंचा आकारही वाढला. लहान प्रयोग म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता आले असते, पण १९९४ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी सरासरी ८७ वर्षांच्या शंभर अशक्त वृद्धांवर दहा आठवड्यांची मोठी चाचणी घेतली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची क्षमता सुधारली. त्याच चाचणीत काहींना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले होते. त्याने ताकद वाढली नाही. आपल्याकडे अशक्तपणा जाणवला की आधी टॉनिकची बाटली किंवा प्रोटीन पावडरचा डबा घरात येतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची. आहारातली प्रथिने स्नायूंना लागतातच, पण त्यांचा उपयोग करून घ्यायला स्नायूंवर भार पडावा लागतो.

स्नायूंचे ठीक, पण बुद्धीचा त्यांच्याशी संबंध काय? या दोहोंत नाते असावे असा संशय आधी निरीक्षणांतून आला. शिकागोमधील रश विद्यापीठाच्या एका दीर्घ अभ्यासात नऊशेहून अधिक वृद्धांच्या निरनिराळ्या स्नायूंची ताकद मोजून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. २००९ मध्ये आढळले ते असे की ज्यांची ताकद सुरुवातीला जास्त होती त्यांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका लक्षणीयरीत्या कमी होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजने जुळ्या बहिणींचा अभ्यास केला. त्यात पायांचा जोर ज्या बहिणीत अधिक, तिची आकलनशक्ती दहा वर्षांनंतर तुलनेने चांगली टिकलेली दिसली. जुळ्यांचे बालपण आणि अनुवंश बराचसा सारखा असल्यामुळे हा पुरावा थोडा अधिक वजनदार ठरतो. तरीही येथे एक आक्षेप घ्यावाच लागतो आणि तो योग्य आहे. मेंदूचा ऱ्हास स्मृती जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. तेव्हा दुबळेपणा हे बुद्धी ओसरण्याचे कारण नसून त्याच ऱ्हासाचे पहिले लक्षण असू शकेल. आजारी पडू लागलेला माणूस आधी हालचाल कमी करतो आणि मग विसरू लागतो. निरीक्षणांवर कितीही आकडे रचले तरी या आक्षेपाचे पूर्ण उत्तर देता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडावे लागतात, एका गटाला ताकदीचा व्यायाम द्यावा लागतो आणि दुसऱ्याला तितकाच वेळ, तितकेच लक्ष, पण भाराविना हालचाल द्यावी लागते.

असे प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे ६५ ते ७५ वर्षांच्या ६२ पुरुषांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. एकदाच उचलता येईल अशा सर्वांत जड वजनाच्या निम्म्या भाराने एका गटाने, तर ८० टक्के भाराने दुसऱ्या गटाने व्यायाम केला. २००७ च्या अहवालानुसार व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत दोन्ही गटांची आकलनाच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली. त्यानंतर कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये टेरेसा ल्यू-अँब्रोज यांनी १५५ स्त्रियांना वर्षभर तीन गटांत ठेवले: आठवड्यातून एकदा वजने, दोनदा वजने, आणि दोनदा तोल सांभाळण्याचे व ताणण्याचे हलके व्यायाम. शब्द एका रंगात छापलेला आणि त्याचा अर्थ दुसराच रंग, अशा परीक्षेत शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. सवयीने येणारे उत्तर आवरून योग्य उत्तर निवडण्याची क्षमता त्यातून कळते. वर्षअखेर वजने उचलणाऱ्या दोन्ही गटांची या परीक्षेतली कामगिरी सुमारे ११ ते १३ टक्क्यांनी सुधारली. हलका व्यायाम करणाऱ्यांची होती तिथेच राहिली. पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा, गर्दीत रस्ता ओलांडणे, स्वयंपाक करताना दोन शेगड्यांकडे लक्ष ठेवणे या कामांना हीच क्षमता लागते. मात्र त्याच अभ्यासात स्मरणशक्तीत ठळक फरक पडला नाही, आणि वजने उचलणाऱ्यांच्या मेंदूचे एकूण आकारमान किंचित घटल्याचेही नोंदले गेले. २०२० मध्ये चोवीस अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका समीक्षेत हेच चित्र दिसले: एकूण आकलनावर आणि नियंत्रण-नियोजनाच्या क्षमतेवर चांगला परिणाम, पण एखादी गोष्ट तात्पुरती मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेवर परिणाम नाही. ताकदीचा व्यायाम सगळीच बुद्धी सारखी तल्लख करतो, असा दावा करणाऱ्यांनी हे तपशील विसरू नयेत.

या विषयातली सर्वांत बोलकी चाचणी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झाली. बॉस्टनच्या प्रयोगाच्या प्रमुख फियातारोने-सिंग याच तिच्याही प्रमुख होत्या. वयाच्या मानाने अधिक विसराळूपणा आलेली, पण स्मृतिभ्रंश न झालेली शंभर माणसे तिच्यात होती. कोणाला जड वजनांचा व्यायाम, कोणाला संगणकावरचे बुद्धीचे प्रशिक्षण, कोणाला दोन्ही, तर कोणाला दोहोंच्या नुसत्या नकला मिळाल्या. व्यायामाची नक्कल म्हणजे बसल्या जागी ताणण्याचे हलके प्रकार आणि प्रशिक्षणाची नक्कल म्हणजे माहितीपट पाहणे. सहा महिन्यांनी वजने उचलणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोक आकलनाच्या प्रमाणित चाचणीत सर्वसामान्य पातळीवर होते. न उचलणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. व्यायामाला संगणकाच्या खेळांची जोड दिल्याने फायदा वाढला, असे दिसले नाही. पुढच्या विश्लेषणात याहून महत्त्वाची गोष्ट हाती आली. ज्यांची ताकद, विशेषतः पायांची, अधिक वाढली त्यांचेच आकलन अधिक सुधारले होते. दमश्वासाची क्षमता वाढण्याशी मात्र या सुधारणेचा तसा संबंध जुळला नाही. वर्गाला येणे, सोबत मिळणे, प्रशिक्षकाने विचारपूस करणे यांनीच माणसे सुधारतात, हा आक्षेप या चाचणीपुढे लंगडा पडतो, कारण नक्कल करणाऱ्यांनाही तेच सारे मिळत होते. फरक पडला तो भाराने आणि त्या भाराला स्नायूंनी दिलेल्या प्रतिसादाने.

स्नायू मेंदूशी बोलतात कसे, याची उकल अजून चालू आहे, पण तिचे मुख्य धागे हाती आले आहेत. भाराखाली आकुंचन पावणारा स्नायू रक्तात अनेक रसायने सोडतो. त्यांतली काही, आणि व्यायामाने रक्तात वाढणारे वाढीचे घटक, मेंदूतील पेशींचे जोड टिकवायला आणि नवे जोड घडवायला मदत करतात. साओ पावलोच्या चाचणीत अशाच एका घटकाची रक्तातली पातळी वाढलेली आढळली होती. दुसरा धागा साखरेचा आहे. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातली साखर शोषून घेण्याचे बहुतांश काम स्नायू करतात. स्नायू घटले की साखरेचे कोठार आटते, मधुमेहाची वाट मोकळी होते, आणि मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची हानी होते. हा धागा भारतीयांसाठी विशेष मोलाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची एक खोड जगासमोर ठेवली: वजन बेताचे, पण चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ही खोड जन्मापासूनच असते, असे पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले. सडसडीत दिसणारा मराठी माणूस ‘मला काही वजन कमी करायचे नाही’ म्हणून व्यायाम टाळतो, तेव्हा त्याला मुळातच तोकड्या असलेल्या स्नायूंच्या पुंजीची कल्पना नसते. पाश्चात्त्य देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतील का, असे कोणी विचारले तर सावधपणे उत्तर द्यावे लागेल, कारण अशा मोठ्या चाचण्या येथे व्हायला हव्यात. पण जेथे स्नायू आधीच कमी आणि मधुमेह आधीच फार, तेथे स्नायू राखण्याची गरज कमी नसून अधिकच असणार, हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही.

आता विरोधी पुराव्याकडे वळू, कारण तो किरकोळ नाही. अमेरिकेत सत्तर ते ८९ वर्षांच्या, बैठे आयुष्य जगणाऱ्या १,६३५ लोकांवर दोन वर्षांची मोठी चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचा आकलनविषयक निष्कर्ष आला: चालणे, थोडे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करणाऱ्यांची बुद्धी आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधील चाचणीने आणखी जोराचा धक्का दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ लोकांपैकी अनेकांना चार महिने जिममध्ये दमश्वासाचा आणि ताकदीचा व्यायाम दिला. त्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण वर्षअखेर त्यांचे आकलन व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा किंचित वाईटच निघाले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच ५८५ ज्येष्ठांच्या चाचणीतही मिश्र व्यायामाने स्मृती सुधारली नाही. हे निकाल कोपऱ्यात ढकलून चालणार नाही. पण ते नेमके काय सांगतात ते पाहायला हवे. पहिल्या चाचणीत मुख्य व्यायाम चालण्याचा होता; पायाला बांधायच्या हलक्या वजनांचा भाग त्यात दुय्यम होता. आणि तरीही त्याच कार्यक्रमाने चालता न येण्याइतके अपंगत्व येण्याचा धोका १८ टक्क्यांनी घटवला, हे विसरू नये. दुसऱ्या चाचणीतून एक मर्यादा स्पष्ट होते: आजार जडल्यावर हा व्यायाम बुद्धीवरचे औषध ठरत नाही. तिसऱ्या चाचणीतले लोक निरोगी होते, त्यांना विसराळूपणाची केवळ तक्रार होती, आणि व्यायाम अनेक प्रकारांत विभागलेला होता. तरी तिचा निकाल आपल्या म्हणण्याला मदत करत नाही, हे मान्य केले पाहिजे. या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की कुठल्याही वयात, कुठल्याही अवस्थेत, कुठलाही हलकाफुलका व्यायाम बुद्धी वाचवतो, हे म्हणणे खोटे आहे. स्मृतिभ्रंशाच्या आधी, चढत्या भाराने, सातत्याने केलेला ताकदीचा व्यायाम काही क्षमतांना बळ देतो, हे म्हणणे मात्र या निकालांनंतरही उभे राहते.

मग चालणे आणि योगासने पुरेशी का नाहीत, असे अनेक जण विचारतील. चालण्याचे हृदयावर, रक्तदाबावर आणि मनावर होणारे उपकार मोठे आहेत, ते कोणी सोडू नये. पण सपाट रस्त्यावर रोज तेवढेच चालणाऱ्याच्या पायांना त्या भाराची सवय होते आणि ताकद वाढण्याचे कारण उरत नाही. हात, खांदे आणि पाठ यांना तर त्यात कामच नसते. सूर्यनमस्कारांचे असेच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा जो प्रसार केला, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून जी परंपरा जोपासली, गावोगावच्या तालमींत जोर, बैठका आणि मुद्गल यांनी जी शरीरे घडवली, ती महाराष्ट्राची खरी कमाई आहे. जोर आणि बैठका हे ताकदीचेच व्यायाम. परंतु या परंपरेचे दोन दोष येथे आड येतात. एक, ती मुख्यतः तरुण पुरुषांसाठी उभी राहिली. म्हाताऱ्यांना आणि बायकांना तिने बहुतांशी आखाड्याच्या बाहेरच ठेवले. दुसरा, प्रगती मोजायची ती बहुधा संख्येने. पन्नासाच्या शंभर बैठका केल्या की दम वाढतो. ताकद वाढवायची तर भार वाढवावा लागतो. दहा-बारा वेळा उचलल्यावर आणखी एकदा उचलणे जड जावे, इतका तो भार असावा आणि तो सोपा वाटू लागला की वाढवावा. पंचाहत्तरीच्या माणसाला हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हाच पुरेसा भार असू शकतो. तो सहज जमू लागला की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्यावी, मग दोन. तत्त्व तेच राहते.

आणखी एक आक्षेप खास आपल्याकडचा आहे. ज्या बाईने आयुष्यभर पाणी भरले, धुणी धुतली, शेतात खुरपले, तिला व्यायाम सांगणे हा शहरी शहाणपणा आहे, असे म्हटले जाते. या रागात तथ्य आहे. कष्टाचे काम व्यायाम म्हणून निवडलेले नसते. ते थकवते, झिजवते, आणि विश्रांती देत नाही. पण म्हणूनच ते व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. खुरपताना तासन् तास वाकलेल्या कमरेला ताण पडतो, पण तिची ताकद वाढेल असा चढता भार आणि मधली विश्रांती मिळत नाही. शिवाय साठीनंतर सुना-मुले काम हातातून काढून घेतात, आणि वर्षानुवर्षे राबलेले शरीर एकाएकी पूर्ण बसते. पाहणीत स्त्रियांत आणि खेड्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला, त्यामागे शिक्षणाच्या संधी नाकारल्या जाण्याचा मोठा वाटा असणार. त्याची भरपाई कोणत्याही व्यायामाने होणार नाही. तरी ज्या स्त्रीला शाळा मिळाली नाही तिला उरलेल्या वयात निदान स्वतःच्या पायांवर उठता-बसता यावे, हिशेब स्वतः ठेवता यावा, यासाठी जे करता येईल त्यातून तिला वगळण्याचे कारण नाही.

सुरक्षिततेची भीती सर्वांत स्वाभाविक आहे. हाडे ठिसूळ, गुडघे दुखरे, रक्तदाब वाढलेला, अशात वजने कशी उचलायची? ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी झालेल्या १०१ वयस्क स्त्रियांपैकी एका गटाला आठ महिने आठवड्यातून दोनदा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगली जड वजने उचलायला दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत हाडांची घनता वाढलेली दिसली आणि गंभीर इजा झाली नाही. यात ‘देखरेखीखाली’ हा शब्द कळीचा आहे. ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, अलीकडचे अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. वजन उचलताना श्वास रोखू नये, कारण श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडावा, खाली ठेवताना घ्यावा. सांध्यात टोचणारी वेदना झाली तर थांबावे. पण न उचलण्याचीही किंमत असते, ती आपण मोजत नाही. मांड्या दुबळ्या झाल्या की पडण्याची शक्यता वाढते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वतंत्र जगणे तेथेच संपते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे बोलणे-भेटणे तुटते, आणि एकटेपणा हाही त्या चौदा धोक्यांपैकीच एक.

शेवटचा आक्षेप एकांगीपणाचा. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीने आहार, व्यायाम, बुद्धीचे प्रशिक्षण आणि रक्तदाब-साखरेवरचे लक्ष यांची एकत्र जोड दिली आणि आकलनात सुधारणा दाखवली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीनेही अशा एकत्रित कार्यक्रमाला पुष्टी दिली. मग ताकदीच्या व्यायामाचेच एवढे कौतुक का? कारण फिनलंडच्या कार्यक्रमातही आठवड्यातून एक ते तीन वेळा ताकदीचा व्यायाम होता, आणि नेमका तोच भाग आपल्याकडे गळतो. आहाराबद्दल सल्ले देणारे भरपूर आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, फिरणारे फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोलाचे व ताकदीचे एकत्रित व्यायाम सांगतात. त्या पाळणारी ज्येष्ठ मंडळी आपल्या आसपास किती दिसतात, याचा वाचकाने स्वतःच अंदाज घ्यावा. जे आधीच होते आहे त्याचे समर्थन करण्यापेक्षा जे राहून गेले आहे ते सांगणे अधिक उपयोगाचे.

म्हणून पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी तीन विनंत्या. पहिली वाचकाला: आठवड्यातले दोन दिवस ठरवा, पायांपासून सुरुवात करा, आपण किती उचलतो याची वही ठेवा, आणि महिन्याभराने तो आकडा बदलला नसेल तर व्यायाम बदला. बुद्धीत फरक पडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण ताकद वाढली तर उठणे, चालणे, जिना चढणे सोपे होईल हे जवळजवळ नक्की, आणि बुद्धीला होणारा फायदा त्याच वाटेने येतो. दुसरी विनंती मुलांना आणि सुनांना: आईच्या हातातली पिशवी प्रेमाने काढून घेण्याआधी तिला ती पेलते का, हे एकदा विचारा. तिसरी ज्येष्ठ नागरिक संघांना, विरंगुळा केंद्रांना आणि महापालिकांना: भजन, व्याख्यान आणि सहलींच्या जोडीला एक फिजिओथेरपिस्ट, काही डंबेल आणि रबरी पट्टे यांची सोय करा. डंबेल आणि पट्ट्यांना एका ध्वनिक्षेपकाहून अधिक खर्च येणार नाही. गावोगावच्या तालमींनी दुपारचा रिकामा वेळ ज्येष्ठांना दिला तर जागेचाही प्रश्न उरत नाही. स्मृतिभ्रंश झाल्यानंतर हा व्यायाम फारसे काही करू शकत नाही, हे इंग्लंडच्या चाचणीने शिकवले आहे. सुरुवात करायची तर ती त्याच्या आधी, म्हणजे आजच करायला हवी.